जुन्या ट्रकचा ईसीएम बदलायचाय? खिशात हात घालण्याआधी हे करा

ट्रक बंद पडला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला आणि मिस्त्री म्हणाला, ‘शेठ, ईसीएम गेला’, की मालकाच्या पोटात गोळा येतो. गिअरबॉक्स किंवा क्राउन उघडून निदान डोळ्यांनी बघता तरी येतो. ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि हा ॲल्युमिनियमचा बंद डबा उघडून आपल्याला काही कळत नाही. मग समोरचा सांगेल ते मान्य करावं लागतं, आणि पैसे जातात ते तिथेच.

आमच्या गाड्या न्हावाशेवा–भिवंडी लाइनवर चालतात, सगळ्या जुन्या. या प्रकारातून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय. डबा बदलायचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि एकदा घेतला की डब्यापेक्षा त्याच्या आतल्या डेटाची काळजी जास्त करायची. खाली जे लिहिलंय ते या क्रमानेच करा. क्रम मोडला की नवा ईसीएमही जळतो.

१. तुमच्या गाडीत ईसीएम आहे का, ते आधी बघा

हसू नका. मुंबईत बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक एप्रिल २०१० मध्ये आलं, पण देशभर ते सक्तीचं झालं एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे बाहेरच्या पासिंगच्या २०१५-१६ च्या कितीतरी गाड्या बीएस-३ आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत साधा मेकॅनिकल पंप असतो; फार तर ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेचा) छोटा कंट्रोलर असतो. अशा गाडीला ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून डिझेल देणारी यंत्रणा) असेल तर ईसीएम आहेच. अशोक लेलँडच्या बीएस-४ मधल्या आयईजीआरवाल्या गाड्यांत इनलाइन पंपच राहिला, त्यामुळे पुढे येणारं इंजेक्टर कोडचं प्रकरण त्यांना लागू नाही. आणखी एक: धूर स्वच्छ करायला युरिया घालायच्या काही गाड्यांत युरियाचा कंट्रोलर वेगळा असतो. दिसायला तोही तसाच डबा. कोणता डबा गेलाय असं म्हणतायत, ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

ईसीएमची जागा गाडीप्रमाणे बदलते. काहींत तो इंजिनच्या कुशीला बोल्ट केलेला असतो, काहींत चेसिसवर, काहींत केबिनमध्ये क्लीनरच्या बाजूला डॅशबोर्डखाली. इंजिनवर असेल तर थरथर आणि उष्णता हे त्याचे शत्रू. केबिनमध्ये असेल तर काचेच्या रबरातून गळणारं पाणी.

२. गाडी कुठे उघडायची

रस्त्याच्या कडेला हे काम करू नका. चलान होतं ते वेगळंच, पण बॅटरी काढून, केबिन टिल्ट करून, कपलर (वायरिंगचे जोड) उघडे ठेवून गाडी रात्रभर उभी ठेवावी लागली तर पाऊस, धूळ आणि उंदीर यांना मोकळं रान मिळतं. वडाळा ट्रक टर्मिनल, तुर्भे, कळंबोली या भागांत ट्रकचे वायरमन मिळतात आणि गाडी उभी करायला जागाही मिळते.

टोचन करून न्यायची असेल तर शहरात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मज्जाव असतो हे लक्षात ठेवून वेळ ठरवा. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, म्हणजे टाकीत हवा नाही आणि ब्रेक लागलेले. टोचनवाल्याला बाहेरून हवा भरायची सोय आहे का ते फोनवरच विचारा. आणि साखळीने नाही, दांड्यानेच ओढायला सांगा.

३. हाताशी काय हवं

हत्यारं फार लागत नाहीत:
– चांगला डिजिटल मल्टिमीटर
– इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरींसह (गाडी २४ व्होल्टची असेल तर बल्बही २४ चा)
– कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे
– तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम
– ट्रकला चालणारा स्कॅनर, किंवा तो असलेला माणूस

मीटर आणि स्प्रे लॅमिंग्टन रोडला आरामात मिळतात. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मात्र घेऊ नका. त्यातले बरेच १२ व्होल्टच्या कारसाठी बनवलेले असतात. २४ व्होल्टवर जळतात, नाहीतर ट्रकची भाषाच त्यांना समजत नाही.

कागदांत आरसीची प्रत, मालकाचं ओळखपत्र, चालू विमा पॉलिसी, फिटनेस, पीयूसी आणि जीएसटी नंबर एका पाकिटात ठेवा. ईसीएम मागवताना डीलर आरसी आणि चेसिस नंबर मागतो. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो, त्यातलं एक अक्षर चुकलं तरी भलताच डबा येऊ शकतो. तोंडी सांगू नका, आरसीचा फोटो पाठवा.

गाडी पाण्यातून आली असेल तर

हिंदमाता, गांधी मार्केट किंवा भिवंडीच्या सखल भागात गाडी पाण्यात सापडली आणि त्यानंतर बंद पडली असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. सेल्फ मारू नका. बॅटरी काढा, फोटो घ्या आणि काहीही उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड धरलेला नसतो. सर्व्हेअर येण्याआधी डबा उघडला की पाणी आधीपासून होतं की नंतर गेलं, यावर वाद सुरू होतो. पाण्यातून काढल्यावर सेल्फ मारून वाढवलेलं नुकसान कंपन्या बहुधा नाकारतात.

क्लेम मंजूर झाला तरी पूर्ण पैसे मिळत नाहीत. घसारा वेगळा कव्हर केलेला नसेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला अशा भागांवर ४० टक्के आणि दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के घसारा कापतात. हिशोब आधीच मांडून ठेवा.

४. ईसीएमवर आरोप करण्याआधीची तपासणी

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि गॅरेजमध्ये नेमका हाच उरकला जातो. ईसीएमला नीट करंट, नीट अर्थ (अर्थिंग) आणि नीट सेन्सर मिळाले नाहीत तर तो मेल्यासारखाच वागतो. स्कॅनर जोडला जात नाही, एकाच वेळी पाच-सहा फॉल्ट दिसतात, गाडी पिकअप घेत नाही. आणि नाव डब्याचं खराब होतं.

पहिली बॅटरी. २४ व्होल्टच्या गाडीत उभ्या स्थितीत २५ च्या आसपास, इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत. १२ व्होल्टच्या छोट्या गाडीत हेच आकडे अर्धे धरा. चालू इंजिनवर ३० व्होल्टच्या वर आकडा गेला तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. अशा गाडीत नवा ईसीएम बसवणं म्हणजे पैसे जाळणं. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजा. गाणी लावायला किंवा मोबाइल चार्जरला एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतील तर एक बॅटरी उपाशी आणि दुसरी अजीर्ण झालेली सापडते. ड्रायव्हर हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

मग सेल्फ मारताना मोजा. २४ व्होल्टच्या गाडीत आकडा १८ च्या खाली गेला तर ईसीएम मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, स्कॅनरचा संपर्क तुटतो, आणि ‘ईसीएम बोलत नाही’ असा निकाल लागतो. प्रत्यक्षात बॅटरीचं टर्मिनल सैल असतं.

आता बल्बची चाचणी. ईसीएमचा कपलर काढा, डायग्राम बघून करंटच्या आणि अर्थच्या पिना शोधा आणि त्यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब लावा. मीटर फसवतो, बल्ब फसवत नाही. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत वायर आतून हिरवी पडते. एक-दोन तारा शिल्लक असल्या तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतो, पण त्यातून बल्ब पेटण्याइतका करंट जात नाही. बल्ब लख्ख पेटला पाहिजे, मिणमिणता नको. एक खाच आहे: काही गाड्यांत मेन रिले ईसीएमच ओढतो. कपलर काढल्यावर त्या पिनांवर काहीच येणार नाही, ते बरोबरच आहे. तिथे रिलेच्या जागी जंपर टाकून बल्ब लावावा लागतो.

अर्थ तपासायला मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढा, घासा, घट्ट करा. मग चेसिसवर तेच करा. कितीतरी ‘गेलेले’ ईसीएम इथेच जिवंत होतात.

यानंतर पाच व्होल्टची लाइन. रेल प्रेशर, बूस्ट, ॲक्सिलरेटर पेडल यांसारख्या सेन्सरांना ईसीएम स्वतः पाच व्होल्ट पुरवतो, आणि एकाच लाइनवर बरेचदा दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की पाचाचे शून्य होतात आणि त्या लाइनवरचे सगळे सेन्सर खराब दिसतात. इग्निशन चालू ठेवून मीटर लावा आणि सेन्सरचे कपलर एकेक काढत जा. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत आले, तो चोर. सेन्सर बदला आणि डब्याचे पैसे वाचवा. सगळे काढूनही पाच आले नाहीत तर सेन्सरपर्यंतची वायर तपासा. ती ठीक असेल तरच डब्याकडे वळा.

कॅनच्या दोन वायरी (ज्यांवरून गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात) बॅटरी काढून मोजा. दोन्हींच्या मध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

आणि आता माझी सगळ्यात आवडती शंका: जीपीएस. ट्रान्सपोर्टरच्या, फायनान्सवाल्याच्या, मालवाल्याच्या अशा दोन-तीन जीपीएस पेट्या एका गाडीत सापडतात. बसवणारा मुलगा घाईत इग्निशनची वायर सोलतो, नुसती पिळतो आणि टेप गुंडाळतो. काहींत तर इंजिन बंद करायचा रिलेही असतो. या सगळ्या जोडण्या आधी काढा, मूळ वायर सोल्डर करून जोडा, मग पुढे बोला. गाडीला कायद्याने लागणारं ट्रॅकिंग यंत्र असेल तर ते फेकून देऊ नका, तपासणी संपल्यावर नीट बसवून घ्या.

शेवटी वायरिंगवरून हात फिरवा. केबिन टिल्ट होते तिथे वायरिंग रोज वाकतं आणि आतून तुटतं. बाहेरून टेप शाबूत दिसते. इंजिन चालू ठेवून तो भाग हलवा. गाडीचा आवाज बदलला तर सापडलं. टर्मिनलवर दिवसेंदिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी डॅशबोर्डमागे शोधा.

एक मनाई: तपासताना वायरीच्या रबरात सुई टोचू नका. पावसात त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी नवीन दुखणं उभं राहतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा. आणि इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका. तिथे बॅटरीपेक्षा खूप जास्त व्होल्टेज असतं.

५. ईसीएमच गेलाय, हे कधी मानायचं

करंट आणि अर्थ बल्बवर पास झाले, कॅन ठीक आहे, तरी स्कॅनरला ईसीएम सापडत नाही. किंवा सगळे सेन्सर काढूनही पाच व्होल्ट येत नाहीत आणि वायर शाबूत आहे. किंवा पी०६०१, पी०६०६, नाहीतर एसपीएन ६२९ एफएमआय १२ यांसारखा ईसीएमच्या आतला फॉल्ट पुसल्यावर लगेच परत येतो. किंवा डबा उघडल्यावर आत पाणी, हिरवा थर, करपल्याचा वास. मग मानायला हरकत नाही. यू०१०० मात्र पुरावा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या कंट्रोलरला ईसीएमचा आवाज ऐकू येत नाही. कारण वायरीतही असू शकतं.

एकच सिलिंडर मरत असेल तर तो इंजेक्टर शेजारच्याशी बदलून बघा. फॉल्ट इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर खराब. त्याच सिलिंडरवर राहिला आणि वायर ठीक असेल, तर ईसीएममधला त्या सिलिंडरचा ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारं सर्किट) गेलाय. पण तो का गेला? इंजेक्टरची कॉइल किंवा वायर कधीतरी शॉर्ट झाली असेल तर नवा डबाही त्याच वाटेने जाणार. आधी ते कारण काढा.

‘दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून बघू’ असा सल्ला हमखास मिळतो. तसा डबा काढून देऊ नका. शॉर्ट शिल्लक असेल तर चालू गाडीचाही डबा जळतो, आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) असलेल्या मॉडेलमध्ये दोन्ही गाड्या लॉक होऊन बसू शकतात.

कारण शोधताना ड्रायव्हरला आणखी दोन गोष्टी शांतपणे विचारा. बॉडीवर वेल्डिंग केलं का? बॅटरी आणि ईसीएमचे कपलर न काढता आर्क वेल्डिंग केलं तर डबा जागच्या जागी मरू शकतो. आणि धुवायला लावली तेव्हा प्रेशरचा पाइप इंजिनवर मारला का? ओरडून विचारलंत तर दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच येईल.

६. नवा, रिपेअर की जुना

नवा डबा कंपनीच्या डीलरकडून घेतला तर वॉरंटी, बिल आणि तुमच्या चेसिस नंबरचं सॉफ्टवेअर मिळतं. महाग असतो, आणि जुन्या मॉडेलला वाट बघावी लागते. वाहनांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. जुन्या दरपत्रकावर २८ लावून कोणी सांगितलं तर विचारा. पक्कं बिल घेतलंत तर मालवाहतुकीच्या गाडीवर नियमाप्रमाणे क्रेडिट मिळू शकतं, सीएला विचारून ठेवा.

माझ्या मते जुन्या गाडीला पहिली पसंती रिपेअरची. मूळ डबा, मूळ डेटा, प्रोग्रामिंगची कटकट नाही. इंजेक्टर ड्रायव्हर, करंटचा भाग, सुटलेलं सोल्डरिंग ही कामं होतात. प्रोसेसर गेला किंवा खाऱ्या पाण्याने बोर्ड खाल्ला असेल तर नाद सोडा. रिपेअरवाल्याला तीन प्रश्न विचारा: टेबलवर चालवून बघायची सोय आहे का? काय बदललं ते बिलावर लिहून देणार का? वॉरंटी किती महिन्यांची? ‘बघतो, ठेवून जा’ म्हणणाऱ्याकडे डबा ठेवू नका. देण्याआधी स्टिकरचा आणि सीलचा फोटो घ्या आणि कोपऱ्यात एक बारीक खूण करा. परत मिळालेला डबा तुमचाच आहे, हे कळायला हवं.

तिसरा रस्ता कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा आणि इतर जुन्या बाजारांचा. तिथे स्वस्तात मिळतो, पण तीन अटींवर घ्या. एक, स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर अक्षरन् अक्षर तुमच्यासारखाच हवा. बॉशच्या डिझेल ईसीएमवर ०२८१ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असतो. शेवटचे तीन आकडे ‘थोडे वेगळे, चालतंय’ असं सांगितलं तर चालत नाही असं समजा. दोन, तुमच्या जुन्या डब्यातला डेटा वाचून त्यात उतरवून मिळायला हवा. याला बाजारात क्लोनिंग म्हणतात. तीन, बिल. चोरीच्या गाडीचा डबा तुमच्या गाडीत सापडला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

क्लोनिंग करणाऱ्या दुकानात आणखी दोन ऑफर हमखास येतात: ‘पॉवर वाढवून देतो’ आणि ‘युरिया बंद करून देतो’. दोन्हींना नाही म्हणा. प्रदूषणाची यंत्रणा बंद करणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे. वर टर्बो, पिस्टन लवकर जातात ते आपल्याच खिशातून. फाइल तुमच्या मॉडेलची मूळ कंपनीचीच हवी, हे लिहून घ्या.

७. काढण्याआधी डेटा उतरवून घ्या

डबा थोडा जरी बोलत असला तरी स्कॅनरमधून हे सगळं उतरवा: हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर, चेसिस नंबर, इंजिनचे तास, सगळे फॉल्ट, आणि प्रत्येक इंजेक्टरचा कोड सिलिंडरच्या क्रमाने. स्क्रीनचा फोटो पुरतो.

इंजेक्टर कोड म्हणजे काय ते समजून घ्या, कारण इथेच अर्धवट काम होतं. एकाच कंपनीचे सहा इंजेक्टरही अगदी सारखं डिझेल सोडत नाहीत. कारखान्यात प्रत्येकाची तपासणी करून त्याच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरतात, आणि तो कोड बघून ईसीएम त्या इंजेक्टरची वेळ जुळवतो. नव्या डब्यात हे कोड भरलेच नाहीत तर गाडी सुरू होते, पण खडखडते, धूर सोडते, आयडलला हलते. मिस्त्री म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, असंच चालायचं.’ तसं नसतं. जुना डबा पूर्ण मेलेला असेल तर कोड इंजेक्टरवरूनच वाचावे लागतात. डोकं डिझेलने पुसा, टॉर्च मारा, फोटो घ्या. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत गल्लत होते. दोघांनी वेगवेगळं वाचून ताडून बघा.

८. काढणं आणि बसवणं

इग्निशन बंद करून लगेच बॅटरी काढू नका. ईसीएम बंद होताना आपली नोंद लिहून ठेवतो, आणि युरियाच्या गाड्यांत पंप पाइपमधला युरिया परत टाकीत ओढतो. तो घर्रर्र आवाज थांबेपर्यंत काही मिनिटं थांबा. मग आधी मायनस, नंतर प्लस.

केबिन टिल्ट केली तर लॉक लागल्याची खात्री करा. आजूबाजूची माती ब्रशने झाडा, म्हणजे कपलर काढल्यावर ती पिनांवर पडणार नाही. कपलर बहुधा दोन असतात, एक इंजिनकडचा, एक गाडीकडचा. त्यांना खटका असतो. खटका पूर्ण उघडला की कपलर आपोआप वर येतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलात तर नवा कपलर शोधत फिरावं लागेल, आणि तो ईसीएमपेक्षा दुर्मिळ. काही इंजिनांवर डब्यामागे डिझेल फिरणारी थंड करायची प्लेट असते. तिथे वॉशर नवे टाका आणि शेवटी हवा काढा.

पिना बघा: वाकलेल्या, काळ्या, मागे सरकलेल्या. स्प्रेने धुऊन पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघतो. कपलरचं रबर कडक झालं असेल तर बदला. नवा डबा बसवताना रबराचे बुश आणि अर्थची पट्टी विसरू नका. जुन्या गाड्यांत बुश गायब आणि डबा थेट लोखंडावर घट्ट केलेला असा प्रकार सर्रास दिसतो. वायरिंगला कपलरच्या खाली थोडा झोल ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही.

९. प्रोग्रामिंग

डबा कोरा असेल तर सॉफ्टवेअर टाकावं लागतं. हे काम चालू असताना व्होल्टेज पडलं तर डबा अर्धवट भरलेला राहतो आणि कधीकधी कायमचा जातो. बॅटऱ्या पूर्ण चार्ज हव्यात, स्थिर चार्जर लावलेला हवा (सेल्फ मारायचा बूस्टर नव्हे), लॅपटॉप विजेवर हवा, आणि दिवे-पंखे बंद.

त्यानंतर भरायच्या गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. चेसिस नंबर, इंजेक्टर कोड, टायरचा आकार आणि ॲक्सल रेशो (हे चुकले तर स्पीड चुकीचा दिसतो), टिपर किंवा मिक्सर असेल तर पीटीओ (इंजिनच्या जोरावर बॉडी चालवायची जोडणी), इमोबिलायझर असेल तर चावी. वेगमर्यादा विसरू नका. १ ऑक्टोबर २०१५ पासूनच्या मालवाहू गाड्यांना ८० किलोमीटरची, आणि टँकर, डंपर यांना ६० ची मर्यादा लागते. काही मॉडेलमध्ये ती ईसीएममध्येच असते. दुसऱ्या गाडीची फाइल टाकली तर फिटनेसला हेच उघडं पडतं.

१०. ट्रायल

आधी नुसतं इग्निशन चालू करून फॉल्ट वाचा, पुसा, पुन्हा वाचा. मग सेल्फ. पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही तर सेल्फ मारत राहू नका; रेल प्रेशर बघा. बऱ्याच कॉमन रेल इंजिनांत ते साधारण २०० बारपर्यंत चढल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत, आणि पाइपमध्ये हवा असेल तर ते चढत नाही.

सुरू झाली की अर्धा तास आयडल, मग चक्कर. रिकामी गाडी गॅरेजभोवती फिरवून पैसे देऊ नका. रिकाम्या गाडीत सगळंच चांगलं वाटतं. माल भरून मुंब्रा बायपासचा चढ चढवा. पुण्याकडे जाणारी गाडी असेल तर बोरघाट. स्कॅनर लावलेला असू द्या आणि मागितलेलं रेल प्रेशर व मिळालेलं रेल प्रेशर जवळजवळ चालतायत का ते बघा. खाली उतरून, गाडी गरम असताना बंद करून पुन्हा सुरू करा. सोल्डरिंगचे दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात, म्हणून ही चाचणी रिपेअर केलेल्या डब्याला तर सोडूच नका.

११. कागद पुरे करा

काम झालं की पीयूसी मुदतीत असली तरी एकदा तपासून घ्या. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, त्याआधीच्या गाड्यांना ६५. आकडा मर्यादेच्या काठावर आला तर इंजेक्टर कोड पुन्हा तपासा. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी असतं, तेव्हा ते तोंडावर असेल तर त्याआधीच हे उरकून घ्या.

बिलावर नव्या ईसीएमचा नंबर आणि टाकलेल्या सॉफ्टवेअरचा नंबर लिहून घ्या. फॉल्ट नसलेल्या स्कॅनचा फोटो, इंजेक्टर कोडचा फोटो आणि बिल गाडीच्या फाइलमध्ये लावा. जुना डबा गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणा. त्याचा केस, पिना, कधीकधी अर्धा बोर्ड पुढच्या रिपेअरला कामाला येतो, आणि डीलर जुना परत घेऊन नव्याच्या किमतीत सूट देत असेल तर ती रक्कम बिलात वेगळी दाखवून घ्या.